माझ्या पोटातला वरचा सा

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे, आणि माझ्यातलं पाणी आजवर कुणीही प्यायलेलं नाही. माझ्या बुडाशी करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते पडलेलं नाही, पाडलेलं आहे, आणि ज्यांनी पाडलं त्यांचा माझ्यावर फार जीव होता. तुम्हाला गणिताच्या शिकवणीला घालणाऱ्यांचाही तुमच्यावर असाच जीव असतो, म्हणून तुम्हाला हे लवकर समजेल.

माझा जन्म कल्याणच्या कुंभारवाड्यातला. सीताराम कुंभार चाकावर आकार द्यायचा आणि त्याची बायको तुळसा लाकडी थापीने ठोकून ठोकून आमचं पोट गोल करायची. शाळेत एक छडी लागली तर तुम्ही घरी जाऊन सांगता. मला घडेपर्यंत जे फटके बसले ते मी कुणाला सांगणार? घरीच तर मारत होते. मग आव्यात घालून भाजलं. लहानपणी एवढं सोसल्यावर माणसाचं काय झालं असतं ते ठाऊक नाही. माठ पक्का होतो.

आमच्या आव्यातून दोन तऱ्हेची भांडी निघत. एक आम्ही, मोठे माठ, उन्हाळ्याचे. दुसरी लहान मडकी. त्यांना ऋतू नसे, ती बारा महिने जात. ती नेणारा माणूस कधी घासाघीस करत नसे आणि दुकानात हसतही नसे. त्या मडक्यांनी एकदाच पाणी भरून कुणाच्या तरी खांद्यावर बसायचं, चितेभोवती फिरायचं, फिरताना पोटाला भोकं पाडून घ्यायची आणि शेवटी मागे न बघणाऱ्या माणसाच्या पाठीमागे फुटायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे माझ्या भोकावरून घरात जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही.

१९८३ सालच्या उन्हाळ्यात डोंबिवलीहून हरिहर गुप्ते नावाचे गृहस्थ माठ घ्यायला आले. तुम्हाला माहीत असेल, माठ घेताना तो बोटाच्या पेराने वाजवून बघतात. अख्खा माठ टणटण वाजतो, तडकलेला नुसता थप करतो. सगळी गिऱ्हाइकं एकदोन माठ वाजवतात आणि उचलतात. हरिहररावांनी बैठकच मारली. एकेक माठ मांडीवर घ्यायचा, वाजवायचा, डोळे मिटून मान वाकडी करून ऐकायचं आणि बाजूला ठेवायचा. तुळसा कंटाळली.

"साहेब, पानी प्यायचंय का माठाचं लगीन लावायचंय?"

"गाणं ऐकायचंय," हरिहरराव डोळे न उघडता म्हणाले.

"मग रेडिओच्या दुकानात जावा. हितं माठ मिळत्यात."

"तिथूनच आलोय. त्यांच्या खोक्यांचा आवाज आवडला नाही."

शेवटी माझी पाळी आली. त्यांनी मला वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि मग माझ्या पोटाला कान लावून असे हसले की सीतारामला वाटलं, आत काही सापडलं की काय.

हा कान त्यांच्या पोटापाण्याचा होता. मानपाड्याकडच्या औद्योगिक वसाहतीत तेलाची पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. तयार पिंपावर लोखंडी सळई आपटायची आणि आवाजावरून त्याचा जोड पक्का की कच्चा हे सांगायचं, हे त्यांचं काम. हरिहररावांनी नापास केलेलं पिंप नंतर पाण्याने भरून तपासलं की हमखास गळायचं. त्यामुळे पुढे पुढे पाणी भरून बघणंच बंद झालं. साहेबांनी ठोकलं, साहेब बोलले, संपलं.

घरी सरोजबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्यासाठी तिवई धुऊन ठेवली होती. वाळासुद्धा आणला होता. हरिहररावांनी मला तिवईवर पालथं घातलं, बुडावर चमचाभर पाणी ओतलं आणि खिळा हातोडी घेऊन बसले.

"अहो, काय करताय?"

"भोक."

"माठाला? घरातली सगळी माणसं जिवंत असताना?"

"स्पीकरची वायर काढायचीय, सरोज. माणूस काढायचं नाही."

"जिभेला हाड आहे का तुमच्या?"

भोक पडलं. सरोजबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. दिवेलागणीला त्यांनी हळदकुंकू कालवून माझ्या पोटावर पाच बोटं उठवली. यमदूत आलेच तर हे लग्नघर समजून परत जातील, असा हिशेब असावा.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते ऐका. घरात एक टेपरेकॉर्डर होता. त्याच्या अंगातला स्पीकर पावाच्या लादीएवढा, त्यामुळे त्यातून मोठमोठे गवय्येही सर्दी झाल्यासारखे गात. हरिहररावांनी एक मोठा स्पीकर आणला, माझ्या तोंडावर लाकडी कडं बसवून त्यात तो आडवा ठेवला आणि वायर बुडातून काढून अँप्लिफायरला जोडली. पोट पोकळ असलं की आवाज भारदस्त येतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. हा नियम फक्त माठांना लागू नाही. सभासमारंभांत तुम्ही पाहिलं असेल.

आणि मी गाऊ लागलो. गॅलरीतून जाणारी माणसं दाराशी थांबत. शेजारचे मधु टिपणीस पोस्टात होते. ते पहिल्या दिवशी आत आले, त्यांनी माझ्यामागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "हरिहर, ह्या बाईला बाहेर काढ रे. केव्हाची गातेय, चहा तरी पाजू."

पण मला ज्यासाठी आणलं होतं ती बाई अकरा वर्षांची होती. हरिहररावांची एकुलती एक मुलगी, प्रमोदिनी. नाव आजीचं होतं म्हणून हाक सगळे पमू अशीच मारत. पमू एका बाईंकडे गाणं शिकत होती. रोज संध्याकाळी ती तंबोरा घेऊन बसे, हरिहरराव तिचं गाणं टेपवर भरून घेत आणि मग तेच माझ्यातून वाजवत. बापलेक माझ्यासमोर मांडी घालून बसत. पमू टेपकडे बघत नसे. बाबांच्या कपाळाकडे बघत असे. कपाळावर आठी आली की सूर चुकला.

"गंधार किंचित उतरला."

"बाई म्हणाल्या बरोबर आहे."

"बाईंना पुन्हा विचार."

पमू दुसऱ्या दिवशी विचारी आणि बाई पुन्हा ऐकून म्हणत, किंचित उतरतो खरा. असं दोनचारदा झाल्यावर बाईच पमूला आधी विचारू लागल्या, "तुझे बाबा काय म्हणाले?" मित्रांनो, त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. पण मला ठाऊक होतं की घरात खरी वस्तू एकच आहे आणि ती हरिहररावांच्या डोक्याला दोन बाजूंनी चिकटलेली आहे.

ती वस्तू रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाई. तिथे पत्रा दाबणारी, वाकवणारी, ठोकणारी यंत्रं एका छपराखाली चालत. कामगार कानात कापूस घालत. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला दामाजी म्हणून एक यंत्रावरचा माणूस होता. त्याने हरिहररावांना एकदा छेडलं, ते घरी येऊन त्यांनी त्याच्याच बोलीत सांगितलं.

"सायेब, कापूस घाला कानान. नाय तं येक दिस बायको बोलंल तां पन आयकू येनार नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?" सरोजबाईंनी विचारलं.

"म्हटलं, असं असेल तर मुळीच घालत नाही."

त्या दिवशी तिघंही खूप हसली. मीही माझ्या परीने घुमलो.

खरं कारण वेगळं होतं. कानात कापूस घातला तर पिंपाचा आवाज कसा कळणार? म्हणून कामगारांनी कापूस घालायचा आणि साहेबांनी उघड्या कानाने त्या गदारोळात उभं राहायचं, असा रिवाज पडला. तो साहेबांचा मान समजला जाई.

पाचसहा वर्षांनी एका संध्याकाळी हरिहरराव गाणं ऐकता ऐकता थांबले आणि म्हणाले, "आवाज मळलाय."

सगळ्यांना खरंच वाटलं. त्यांच्या कानाने सांगितलं म्हणजे मळलाच असणार. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं डोकं पुसलं. म्हणजे बघा, कापूस शेवटी घालावाच लागला, फक्त तो टेपच्या वाट्याला गेला. दोन दिवस बरं वाटलं. मग कॅसेटी बदलल्या. मग वायर जाड घेतली. मग बारीक आवाजासाठी माझ्या शेजारी एक छोटा स्पीकर आला. मग दांड्यांची रांग असलेला नवा अँप्लिफायर आला. त्यातली एक दांडी जाड आवाजाची, एक बारीक आवाजाची, मधल्या मधल्यांच्या. बारीक आवाजाची दांडी हरिहररावांनी वर ढकलली, आणखी वर ढकलली, आणि ती वर अडली तेव्हा क्षणभर थांबून म्हणाले, "आता थोडं सुधारलं."

बाकीच्यांच्या दातांतून कळा येत होत्या. मधु टिपणीस दारात येऊन म्हणाले, "हरिहर, आमच्या भांड्यांना सूर सापडलाय. संध्याकाळी सगळं फडताळ तुझ्या माठाबरोबर गातं."

"काय?"

"म्हटलं, छान आहे."

मित्रांनो, इथे थांबून ह्या वाक्याकडे नीट बघा. हे वाक्य त्या घरात पुढची दहा वर्षं वेगवेगळ्या लोकांनी म्हटलं.

सरोजबाईंना आधी कळलं. एका रविवारी कुकर लावून त्या खाली गेल्या. तीन शिट्ट्यांनी बंद करा, असं सांगून गेल्या. परत आल्या तेव्हा जिन्यापर्यंत डाळीचा जळका वास आणि हरिहरराव कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. "शिट्टी झालीच नाही," ते म्हणाले. "रबर बदल." सरोजबाईंनी रबर बदललं. पुढच्या रविवारी त्या स्वतः दाराआड उभ्या राहिल्या. कुकरने शिट्टी दिली, पुन्हा दिली. हरिहररावांनी पान उलटलं. सरोजबाईंनी आत येऊन गॅस बंद केला.

नवऱ्याचं चिडकेपण, नातेवाइकांसमोरचं घोरणं, टक्कल, सगळं त्यांनी वेळोवेळी त्याच्या तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं आहे. एवढंच सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या हा माणूस पिंपांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहील, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फक्त आपला आवाज थोडा चढवला. रोज थोडा. इतका हळूहळू, की हरिहररावांना वाटलं, हिचा स्वभाव बदलत चाललाय.

१९९१ साली पमू एकोणीस वर्षांची झाली आणि तिला रेडिओच्या ऑडिशनचं बोलावणं आलं. ह्या एका गोष्टीसाठी ती आठ वर्षं माझ्यासमोर बसत आली होती. महिनाभर तयारी चालली. ती गायची, टेप भरायची, माझ्यातून वाजायची आणि ती बाबांच्या कपाळाकडे बघायची. आठी हलेना.

"वरचा सा मळलाय," हरिहरराव म्हणाले.

"उतरतोय?"

"उतरत नाही. पण धार नाही त्याला. दाराआडून आल्यासारखा येतो."

पमूने पहाटेचा रियाज दुप्पट केला. आवाज सुटला, खुलला. बाई म्हणाल्या, असा सा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नाही. मधु टिपणीस दाढी करता करता थांबायचे, त्यांचा साबण गालावर वाळून जायचा. आणि मी तर सांगूच नये. तो सा माझ्या पोटातून जायचा तेव्हा माझ्या काठावरची धूळ गोल फिरायची. पण माठाला कोण विचारतं?

"दाराआडूनच येतोय अजून," हरिहरराव म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. लेकीला खोटं सांगणारा तो माणूस नव्हता.

ऑडिशनच्या आदल्या संध्याकाळी पमू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"आई, मी नाही जात उद्या."

"अगं, बाई एवढ्या म्हणतायत ना, चांगलं आहे म्हणून."

"बाईंना माझं वाईट वाटतं म्हणून म्हणतात. बाबांनी आजवर एक पिंप तरी चुकीचं नापास केलंय का?"

सरोजबाई शेगडीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं तर नवऱ्याचं काहीतरी जाणार होतं, नाही बोललं तर मुलीचं. त्या कढईत उलथनं फिरवत राहिल्या. कढई रिकामी होती. मला कोपऱ्यातून ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पमू गेली नाही. तंबोऱ्याला गवसणी चढली आणि तो कपाटावर गेला. तिने बँकेच्या परीक्षा दिल्या, नोकरी लागली, मग लग्न होऊन ती बंगलोरला गेली. जावई संगणकाच्या कंपनीत होते. लग्नाच्या गडबडीत सरोजबाईंनी मुलीच्या बॅगेत साड्यांच्या तळाशी दोन जुन्या कॅसेटी सरकवल्या. मी बघितलं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. न सांगण्याची त्यांना आता सवय झाली होती.

मुलगी गेल्यावर हरिहरराव आवाज सुधारायच्या मागेच लागले. घरात ऐकायला कुणी नाही, गायला कुणी नाही, आणि स्पीकर मात्र दर वर्षी मोठा होतोय. शेवटचा आणला तो इतका जड होता की त्यांनी माझ्या काठाला पट्ट्या आवळून स्क्रू पिळले. शेवटचा पिळताना माझ्या काठापासून बुडाच्या भोकापर्यंत केसाएवढी रेघ गेली. टच्च असा आवाज झाला. सरोजबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. हरिहरराव स्क्रू पिळत राहिले. मग त्यांनी मला पेराने वाजवलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "ठणठणीत."

सरोजबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली.

मग कारखाना बंद पडला, टेप कुरकुरू लागला, कॅसेटींना बुरशी धरली. स्पीकर काढून माळ्यावर गेला. मी गॅलरीच्या कोपऱ्यात आलो आणि माझ्या तोंडात छत्र्या, एक मोडकी काठी आणि मागल्या सालची कॅलेंडरं आली. कुणीतरी एकदा पानही थुंकलं. गाणारे म्हातारे झाले की त्यांना निदान शाल देतात.

एकदा दामाजी भेटायला आला. सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आला होता. त्याने आयुष्यभर कानात कापूस घातला होता आणि तोही आता ठार बहिरा होता. कापूस फक्त मनाच्या समाधानासाठी असतो, हे कारखान्याने त्याला सांगितलं नव्हतं.

"सायेब, कारखान्याच्या जाग्याव आता बिल्डिंग बांधतान."

"हो, बंगलोरलाच आहे. बरी आहे."

"मंग काय, आपलं दिस गेलं."

"जावईही चांगले आहेत. दोघंही कमावतात."

असं तासभर चाललं. दोघांनाही फार बरं वाटलं. सरोजबाई आत चहा करत होत्या. आधी त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या, पण पदर तसाच राहिला.

१९९९ च्या डिसेंबरात पमू आणि जावई आले. जावयांच्या खांद्याला काळी चपटी बॅग होती. त्यातून त्यांनी लॅपटॉप काढला. चाळीसारखी ती इमारत, तिथे लॅपटॉप कुणी पाहिलेला नव्हता. मधु टिपणीस आता रिटायर होते, ते लगेच दारात हजर झाले.

"आई, बाबा, एक गंमत ऐकवतो," जावई म्हणाले. "हिच्या बॅगेत जुन्या कॅसेट्स सापडल्या. मी सगळ्या ह्यात भरून घेतल्या. ही गायची, हे मला लग्नाला पाच वर्षं झाल्यावर कळलं."

"बंद करा ते," पमू म्हणाली. "उगाच काय."

पण त्यांनी लावलं. लॅपटॉपच्या अंगातले स्पीकर चार गहू मावतील एवढे. त्यातून पमू अशी गात होती की काडेपेटीत डास कोंडलाय. पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. हरिहरराव चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"चित्र छान आहे," ते म्हणाले. "आवाज कधी येतो?"

कुणी हसलं नाही. जावयांनी आवाज वाढवला. तो आधीच पूर्ण वाढवलेला होता.

"कळलं," हरिहरराव एकदम उठले. मी त्यांना कित्येक वर्षांत इतकं झटक्यात उठताना पाहिलं नव्हतं. "यंत्र चांगलं आहे, त्याला पोट नाही. थांबा."

माझ्या तोंडातल्या छत्र्या निघाल्या. पानाचा डाग धुतला गेला. माळ्यावरून स्पीकर आला, अँप्लिफायर आला. लॅपटॉपला कानात घालायच्या वायरीसाठी एक भोक असतं, त्यात बसणारी पिन त्यांनी बाजारातून आणली आणि स्वतः डाग देऊन अँप्लिफायरच्या वायरीला जोडली. जोड पक्का झाला. बटण दाबताच माझ्या पोटातून घर्र असा आवाज येऊ लागला.

"चार्जर काढा," हरिहरराव लगेच म्हणाले. "त्याच्या वायरीतून घरघर येतेय."

जावयांनी चार्जर काढला. घरघर थांबली. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," जावई म्हणाले. सरोजबाईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. जाड आवाज हरिहररावांना अजून येत होते. कान गेला की बारीक आवाज आधी जातात, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

मग मी गायलो. मित्रांनो, मी तडकलेला होतो, सोबत थोडं खरखरतही होतो, पण आठ वर्षांनी ती एकोणीस वर्षांची मुलगी माझ्या पोटातून बाहेर आली. ती चढत चढत गेली आणि वरच्या सा-वर थांबली. मधु टिपणीसांनी दाराची चौकट धरली. जावई बायकोकडे बघत राहिले. आणि पमू, जिने तो सूर आजवर फक्त बाबांच्या कपाळावर ऐकला होता, तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघून ऐकला.

"बाबा," ती मोठ्याने, सावकाश म्हणाली, "वरचा सा कसा आहे?"

"मळलेलाच आहे," हरिहरराव म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

पमू गोंधळली, तसंच मोठ्याने म्हणाली, "माठ खरखरतोय, त्यामुळे असेल. तडकलाय बहुतेक."

"हा? हा मी निवडलेला माठ आहे." त्यांनी मला वाजवलं, मान वाकडी केली. "ऐक. ठणठणीत."

खोलीत थप झालं होतं.

पमूने हात पुढे करून मला वाजवलं. थप. तिने पुन्हा वाजवलं. थप. तिने बाबांच्या कपाळाकडे बघितलं. तिथे आठी नव्हती. मग तिने आईकडे बघितलं. सरोजबाई फरशीकडे बघत होत्या.

"आई," पमू म्हणाली. "तेव्हाही?"

सरोजबाईंनी मान हलवली नाही, तरी उत्तर मिळालं.

पमू पुढे सरकली. मग तिने बाबांचं बोट धरलं आणि माझ्या काठावर, रेघ सुरू होते तिथे टेकवलं. बोट रेघेवरून हळूहळू खाली आलं, नख अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं, आणि बुडाच्या भोकाशी पोचलं. पंचवीस वर्षं ठोकण्याआधी पिंपांच्या जोडांवरून फिरलेलं बोट होतं ते. त्याला अजून सगळं कळत होतं.

"हा तडकलाय," हरिहरराव म्हणाले.

बोट पुन्हा काठापर्यंत वर गेलं.

"सरोज, कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली," सरोजबाई मोठ्याने म्हणाल्या.

ते माझ्याकडे बघत होते, पण माझा विचार करत नव्हते. बघता बघता त्यांचा चेहरा पिंपाचा पत्रा आत दबतो तसा दबला.

"पमू, मग तो सा?"

पमूला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात ती रीतच होती. पण ती त्यांच्या कानाशी वाकली. "लागला होता, बाबा."

जावयांनी लॅपटॉप बंद केला. हरिहररावांनी माझ्या काठाचे स्क्रू काढायला घेतले. स्पीकर बाजूला ठेवला, मला मांडीवर घेतलं, कुंभारवाड्यात घेतलं होतं तसंच, आणि माझ्या पोटावर दोन्ही तळवे पसरून ठेवले.

"आत्ता म्हण," ते म्हणाले. "ह्याच्या तोंडात म्हण."

"बाबा, मी आठ वर्षं गायले नाहीये."

"काय?"

पमू माझ्या तोंडावर वाकली आणि गायली. सुरुवात बरी झाली. मग आवाज चढू लागला, दम तुटला, तिने पुन्हा धरला. वरच्या सा-च्या अलीकडे तो चिरकला आणि खाली घसरला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अलीकडेच राहिला. माझ्या पोटातून गेला म्हणून सांगतो, तो सा नव्हता. सरोजबाईंनाही कळलं, मधु टिपणीसांनाही कळलं. जावयांनी बॅगेची चेन उगाच लावली आणि उघडली.

हरिहररावांचे तळवे माझ्यावर थरथरत होते. ते त्यांचे थरथरत होते की माझ्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"लागला," ते म्हणाले. "आज लागला बघ. धार आहे."

पमूने आईकडे बघितलं. सरोजबाईंनी मुलीकडे बघितलं.

"हो, बाबा," पमू म्हणाली.

मधु टिपणीस दारातून म्हणाले, "छान आहे."

मित्रांनो, मी आता घरात, तिवईवर असतो. हरिहरराव रोज सकाळी मला वाजवतात आणि मग हात ठेवून बसतात. पमूने बंगलोरहून एक कानात घालायचं यंत्र पाठवलंय. ते उशीर झाल्यामुळे फारसं उपयोगाचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते डबीत आहे.

जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माठ आहे, कधीतरी फुटायचाच. तुमच्या घरात आवाज वाढव असं कुणी म्हणालं तर जरूर वाढवा. पण वाढवताना एकदा यंत्राकडे न बघता त्या माणसाकडे बघा. आणि जे दिसेल ते त्याला सांगा. लवकर सांगितलंत तर हळू सांगूनही चालतं.